तिसरा निकाल

पीटरहेड, १९८७

पंधराजणांत मी अकरावी.
मासळीच्या कारखान्यातून थेट आलेली,
नखांत हॅडकचे खवले घेऊन;
शेजारच्या शाळामास्तरांनी
खुर्ची जराशी सरकवून घेतली.

बोट जळाली ती मार्चमध्ये, गारठ्याच्या रात्री.
कठड्यात डूगल स्ट्रॅचन, वय बावीस,
अंगात कुणाचा तरी ढगळ कोट.

हवालदार टेट म्हणाला,
बाहीला रॉकेलचा वास येत होता,
बोटवाल्याशी याचं वाकडं
अख्ख्या धक्क्याला माहीत,
म्हणून उचलला.
शेरीफ, म्हणजे आमच्याकडचे न्यायाधीश,
आम्हाला म्हणाले, बरोबरच केलं.
उचलायला एवढं पुरतं.
ठेवायला पुरत नाही.

मग त्यांनी तो शब्द काढला: वाजवी.
अटकेला वाजवी संशय हवा,
आणि शिक्षेच्या वेळी
वाजवी शंका उरता कामा नये.
मला वाजवी ठाऊक तो भावापुरता.
इथं त्याच शब्दानं दार उघडत होतं
आणि त्यानंच लागत होतं.
शिवाय एकाच्या सांगण्यावर भागणार नाही, म्हणाले;
दुसरं काही हवं,
वेगळ्या वाटेनं चालत आलेलं.

विल्हेल्मिना नोबल, वय एकोणऐंशी,
हिनं खिडकीतून लाल जाकीट पाहिलं होतं.
वकिलानं विचारलं, धक्क्यावरच्या पिवळ्या दिव्यांत
लाल रंग लाल दिसतो का, बाई?
म्हातारी बराच वेळ गप्प.
मग म्हणाली,
"डूगलचं जाकीट लाल आहे हे मला माहीत आहे.
म्हणून लाल दिसलं असेल."
इतकं खरं त्या चार दिवसांत
दुसरं कुणी बोललं नाही.

आत, बंद खोलीत, चहाला साय धरलेली.
मास्तर म्हणाले, आगीशिवाय धूर निघतो का?
कुणी म्हणालं, बापही असाच होता.
माझ्या घरी रॉकेलचा हीटर आहे.
मी टेबलाखाली हळूच
स्वतःची बाही हुंगली.
मासा.

आमच्याकडे निकाल तीन.
दोषी. निर्दोष.
आणि तिसरा, सिद्ध नाही;
तो मिळाला की माणूस घरी जातो,
पण कुजबुज त्याच्या आधी पोचलेली असते.
दोषीला आठ हात लागतात.
वर आले सहा.
निर्दोषला दोन.
बाकी आम्ही सात. माझा हात
खांद्यापर्यंतच उठला,
पण मोजला गेला.

तो सुटला. त्याची आई जिन्यावर बसून
बूट बांधत होती, बांधलेलेच.

जूनमध्ये तो आमच्या काउंटरला आला.
अर्धा किलो, म्हणाला, साफ करून.
जाकीट तेच.
सुट्टे द्यायला त्यानं हात पुढं केला
आणि माझं नाक,
मी न सांगता,
त्याच्या बाहीकडे झुकलं.
त्यानं ते पाहिलं.
हात तसाच धरून ठेवला,
मला पुरेल इतका वेळ.