लहान-मोठे मणी

निंबोळीचं तेल उन्हात चार दिवस टिकत नाही.
हे पुस्तकानं मला नंतर सांगितलं,
आधी सांगितलं जयवंताबाईच्या शेवग्यानं:
सोमवारी फवारलं, शुक्रवारी मावा परत हजर,
पाहुण्यासारखा, पाय न धुता.

मी आर्णीच्या ज्युनियर कॉलेजात परीक्षानळ्या धुते.
ढोक सर म्हणाले, तेलाला घर पाहिजे, सिंधू,
अशा भिंतीचं, की आतलं हळूहळू झिरपावं.
आणि हातात एक पुडी दिली: समुद्राच्या शेवाळाचं पीठ.

समुद्र मी पाहिला नाही.
आमच्याकडे पाणी म्हणजे अरुणावती, तीही पावसाळ्यापुरती.
पण चिमूटभर समुद्र कोमट पाण्यात घोटला,
त्यात कडू तेल, पुन्हा घोटलं.
ती रवी मग ताकाकडे कधीच परत गेली नाही.

पहिल्या दिवशी मणी झालेच नाहीत.
बेडकाची पिल्लं झाली, शेपटीवाली,
कॅल्शियमच्या पाण्यात तळाला बसलेली.
दुसऱ्या दिवशी सुई फार उंच धरली, थेंब फुटले.
तिसऱ्या दिवशी वसराम आला.

वसराम राठोड, पलीकडच्या तांड्यावरचा.
सात हंगाम पाठीवर पंप वागवला त्यानं
लोकांच्या पऱ्हाटीत, तोंडाला दस्ती बांधून.
आठव्या हंगामात, भादव्यात, एका दुपारी
सगळं शेत पिवळं दिसलं त्याला, मग काहीच नाही.
यवतमाळच्या दवाखान्यातून अकराव्या दिवशी परतला.
नजर परत आली. वास तिकडेच राहिला.
आणि हात तेव्हापासून पिंपळपान.

त्या आठवड्यात माझ्या घरात कोणी बसत नव्हतं.
निंबोळीचा वास म्हणजे कुजका लसूण अन् जुनं भांडण.
वसराम निवांत बसला, चहा घेतला.
"कायचा वास वं बाई?"
अन् माझ्या हातातली सिरिंज काढून घेतली.

टप्. टप्-टप्.
टप्.
हात थरथरे, थेंब पडे. कधी मोहरीएवढा,
कधी ज्वारीएवढा, कधी तुरीच्या दाण्याचा बाप.
सरांनी चाळणी पाहिली, चष्मा कपाळावर नेला.
"सारखे नाहीत. सारखे लागतात."
वसराम काही बोलला नाही. तो फारसा बोलतच नाही.

तरी पेरले. माझ्याच पऱ्हाटीच्या सहा ओळीत,
झाडाच्या बुडाशी, बोटभर मातीखाली.
तिसऱ्या दिवशी मोहरी रिकामी.
नवव्या दिवशी ज्वारी.
एकविसाव्या दिवशी उकरून पाहिलं तर
तुरीचा बाप अजून ओला, अजून भरलेला.
मी जिभेला लावला, थुंकले, आणि हसले.

सगळे तुडतुडे मेले नाहीत. हे लिहून ठेवते,
सर खोटं चालू देत नाहीत.
पान पालटून मोजलं: अकरा होते, दोन राहिले.
राहिले ते रस प्यायचं सोडून उगीच बसलेले,
पिल्लं कात टाकायची विसरलेली,
अर्धी जुन्या अंगात, अर्धी नव्या.
ढालकिडे मात्र मजेत फिरत होते,
गावच्या जत्रेत फिरावं तसे.

सर बांधावर बराच वेळ उकिडवे बसले.
वहीत "आकार असमान" लिहिलं होतं, ते खोडलं नाही.
त्याच्याखाली लिहिलं, "म्हणूनच."

आता वसराम दर बुधवारी येतो.
त्या दुपारचं त्यानं कधी एकदम सांगितलं नाही.
एकदा म्हणाला, पंपाचा पट्टा निळा होता.
तीन बुधवार काही नाही.
मग, पाणी देलं होतं त्यायनं मले प्यायले,
नाही कसं म्हणू,
औषधाच्या डब्याच्या झाकणात देलं होतं.

मी विचारत नाही.
सुई धुते, पीठ घोटते,
चहा ठेवते.