हातचा

मंगळवारी रात्री, चर्चच्या तळघरात,
जिथे दुपारी म्हाताऱ्यांना सूप वाढतात,
तिथे मी बावन्नाव्या वर्षी भागाकार शिकले.

मासळी मी डोळे मिटून भागते.
कॉड असो, हॅडॉक असो, सुरीच्या दोन ओढींत
काटा वेगळा, मांस वेगळं.
पण साठाला दहाने भागा म्हटलं की
माझी बोटं ॲप्रन शोधायला लागायची.

फोगो बेटावर होती शाळा, दुसरीपर्यंत.
मग दोन वर्षं आभाळ कोरडं गेलं,
आणि बाई मिळेल त्या बोटीने निघून गेल्या.
पाढे अर्ध्यावर राहिले. चाराचा. अठ्ठावीसपाशी.

मिस ऑर्टन आकड्याच्या डोक्यावर
बारीकसा एक लिहायची.
"हा हातचा. सगळ्यांत आधी हाच विसरतो आपण."
शेजारी तोमास, ग्वाटेमालाच्या डोंगरातला,
ओठांत मोजायचा. त्याच्या आजीच्या भाषेत
गठ्ठा दहाचा नसतो, विसाचा असतो.
समोर एमिल गान्यों, कापडगिरणीतला जुना माणूस,
पेन्सिल कानावर ठेवून
ती टेबलाखाली शोधणारा.

फेब्रुवारीत बसस्टॉपवर कागद लागला:
नऊ नंबर बंद.
सरासरी प्रवासी, दर फेरीला सहा.

"सहा?" तोमास म्हणाला, "रात्री मी एका पायावर उभा असतो!"

मिस ऑर्टनने त्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही.
"हे सहा कुठून चालत आले
ते बघून या," एवढंच म्हणाली.

मी कोटाच्या डाव्या खिशात राजमा भरला.
माणूस चढला की एक दाणा उजव्या खिशात.
ड्रायव्हरला वाटलं, ही बाई जपमाळ ओढते.
दिवसाच्या फेऱ्या एमिलने मोजल्या,
पहाटेची तोमासच्या बायकोने, पोटातल्या बाळासकट
("याला धरायचं का?" "अजून नाही.").

तीन, दोन, एक, दोन, शून्य,
चार, दोन, तीन,
मग संध्याकाळी बारा,
आणि अकरा वीसच्या फेरीला, पाळी सुटल्यावर,
एकतीस.

बेरीज साठ. फेऱ्या दहा.
मी भागलं. सहा आले.
पुन्हा भागलं. सहाच.

मला रडू यायला लागलं, म्हटलं, त्यांचं बरोबर आहे.
एमिल म्हणाला, "बरोबर आहे, इदालिना.
पण हे सहा जण बसमध्ये दिसले का तुला कधी?"

नगरपालिकेत प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात.
मी माझी बरणी टेबलावर उपडी केली.
एकतीस दाणे. एक घरंगळत
अध्यक्षबाईंच्या चष्म्यापाशी थांबला.
म्हटलं, "ही मंगळवारची रात्र.
हिला दहा जागी वाटलीत, म्हणून ती रिकामी दिसली.
बर्फातून साडेचार मैल चालत जाणारा
सरासरी चालत नाही, बाई. पुरता चालतो."

एप्रिलमध्ये नवा कागद लागला.
संध्याकाळची आणि रात्रीची फेरी कायम.
बाकीच्या आठ बंद.

आम्ही केक आणला. तोमासने नऊ आकड्याची मेणबत्ती लावली.
एमिल आला नाही.
पुढच्या मंगळवारीही नाही.

दुपारच्या फेरीतले ते दोघे
आम्ही कागदावर दोन म्हणूनच लिहिले होते.
एक शाळेत भांडी घासणारी बाई.
एक एमिल. आठवड्यातून तीन दिवस
रक्त धुवायला दवाखान्यात जाणारा.
स्वतःला त्याने मोजलं होतं, नीट, कानावरच्या पेन्सिलीने,
आणि कुणाला बोलला नव्हता.

काल रात्री मिस ऑर्टन खडू घेऊन उभी होती,
तिच्याकडेही उत्तर नव्हतं.
मीच उठले.
साठ लिहिले, दहा लिहिले, आडवी रेघ ओढली,
आणि वर, डोक्यावर, बारीक अक्षरात
दोन.

मग राजम्याची बरणी बाहेर काढली.