काढेल शे

सारंगखेड्याला, तापीच्या वाळूत,
वीसेक वर्षांपूर्वी सिनेमाचं युनिट उतरलं होतं.
नायक घोड्याला घाबरायचा,
म्हणून लगाम धरायला माणूस हवा होता
आणि हिम्मतदादा तेव्हा रिकामाच होता, बारावी नापास.
शंभर रुपये रोज, दुपारी पुरी-भाजी.

पडद्यावर तो चार सेकंद आहे.
पाठमोरा.
हातात लगाम, शर्टावर घामाचा नकाशा,
मानेवर आईनं बांधलेला काळा दोरा.
मग नायक बोलू लागतो
आणि कॅमेरा तिकडे जातो.

दत्तजयंतीच्या यात्रेत तंबूचा मालक
दर वर्षी तोच सिनेमा लावायचा.
सतरंजीवरून आरोळी उठायची,
उना रे उना, हिम्मत उना!
दादा मागे, बांबूला टेकून, बिडी लपवत ऐकायचा.

त्याआधी दहा मिनिटं, तिकिटं खपेपर्यंत,
ओरखड्यांनी भरलेलं एक कार्टून असायचं.
तीन कुबडांचा उंट.
विहिरीत पडायचा, पत्र्यासारखा चपटा वर यायचा,
अंग झटकायचा, की पुन्हा उंट.
आई हसायची, पदर तोंडात कोंबून.
घरी न हसणारी आई.

सुरतेहून येताना
कोंडाईबारीच्या घाटात दादाचा ट्रक उलटला.
हेतल दीड वर्षाची होती.

सिनेमा आता माझ्या पेन ड्राइव्हमध्ये आहे.
एक तास, बारा मिनिटं, सात सेकंद.
थांबवते. मागे नेते. पुन्हा सोडते.
त्या दुपारी त्यानं मागे वळून पाहिलं नाही,
बस्स, एवढंच ते यंत्र सांगू शकतं,
आणि दर वेळी तेवढंच सांगतं.

नायक हल्ली गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीत दिसतो.
घोडा कधीच गेला असणार.
बॅरेज झालं, ती वाळूही पाण्याखाली.

उंट मात्र परवा हेतलच्या मोबाइलवर सापडला.
तोच. एक केस पांढरा नाही.
ती नेमकी तिथेच हसली, आई हसायची तिथे.
मला राग आला, कुणाचा ते ठाऊक नाही.
म्हटलं, खोटं असतं ते.
इतक्या उंचावरून पडलं की कुणी उठत नाही.
तिनं मानसुद्धा वर केली नाही.
खोटं नही शे, फुई. काढेल शे.

मग मी तिला ते चार सेकंद दाखवले.
तिनं तीनदा पाहिले.
हाऊ मांगे काबं देखत नही?
मी चहा ठेवायला उठले.

पंधरा दिवसांनी तिनं माझ्यापुढे एक वही धरली,
जिनिंगच्या हिशेबाची, रद्दीत टाकलेली.
गाठींचे आकडे, माझं अक्षर,
आणि खाली कोपऱ्यात पेन्सिल.
अंगठ्यानं पानं सोडली. फर्रर्र.
पाठमोरा माणूस. मान हलते.
खांदा फिरतो, बावन्न पानांत,
आणि तो वळतो.
मानेवरचा दोरा, वळताना,
बरोबर गळ्यापाशी पुढे येतो.
नाक जरा उंटाचं.
हाताला चारच बोटं, कार्टूनमध्ये असतात तशी.
पाच होती गं, म्हणायला मी तोंड उघडलं
आणि मिटलं.

आईनं चष्मा शोधला,
वही घेतली, आणि शेवटाकडून चाळली.
तिच्या हातात तो आधी आमच्याकडे बघत होता,
मग हळूहळू वळून पाठमोरा झाला.
ती काही बोलली नाही.
पुन्हा चाळली, तशीच, उलटी.
मग लगामावर बोट ठेवलं.
दोरी पानाच्या काठाशी जाऊन संपत होती.

घोडा कोठे शे?

हेतलनं पेन्सिलचं टोक दातांनी सोललं.
अजून काढेल नही.