चाळीस, बहुतेक

उद्यमनगरात लेथच्या दोन शेडांमधल्या जिन्यानं वर गेलं
की यास्मिन शिकलगारची जिम.
खाली लोखंड सोलतात, वर लोखंड उचलतात.
सकाळी सहाला दोन्ही मजल्यांना वास एकच,
कटिंग ऑइलचा आणि घामाचा.

माझा आकडा इथं सगळ्यांना ठाऊक आहे. एकशे चाळीस.
जमिनीवरनं, पट्टा न बांधता,
दिवाळीच्या आदल्या गुरुवारी.
खडूनं फळ्यावर लिहिला होता.
पाडव्याला कुणीतरी फळा पुसला,
मला तो अजून दिसतो.

आज ती म्हणाली, "आता रोमानियन करा.
गुडघे थोडे सैल. ढुंगण मागं, मागच्या भिंतीला लावल्यासारखं.
बार मांडीला घासत खाली, नडगीच्या मध्यापर्यंत,
आणि जमिनीला न टेकवता परत."

न टेकवता.
माझ्या उचलण्यात जमीन कायम असायची,
दर वेळी दणका, आणि दणक्याआड
चोरून घेतलेला एक श्वास.

"किती लावू?" विचारेपर्यंत
हात वीसच्या प्लेटांवर गेला होता.
एकशे चाळीस जमतात म्हणजे शंभर झोपेत.
कोपऱ्यात आयटीआयची तीन पोरं बघत होती,
म्हणून एकशे दहा.

"चाळीस," ती म्हणाली. "बार धरून."

चाळीस किलोचा तर आमचा ऋतुराज आहे, सातवीतला.
टीव्हीपुढं झोपला की मीच उचलून आत नेतो,
तेही एका हातात चष्मा धरून.

"एकशे चाळीस त्या खात्यात आहेत," ती म्हणाली,
"इथं वळते होत नाहीत."
आणि दहाच्या दोन प्लेटा पायानं माझ्याकडं ढकलल्या.

या प्लेटा आमच्याच भट्टीतल्या.
दहा लिहिलंय, पण मी काट्यावर घालून बघितल्यात,
एक नऊ आठशे, एक दहा तीनशे.
डाव्या हाताला काय, उजव्या हाताला काय,
हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

पहिले तीन गेले हसत.
चौथ्याला ती म्हणाली, "हळू. खाली जाताना चार मोजा."
एक, दोन, तीन,
तीन आणि चारच्या मधे
मांडीमागं कुणीतरी दार उघडलं.

मग तिनं झाडूचा दांडा माझ्या पाठीला उभा लावला,
डोकं, पाठ, माकडहाड, तिन्हीला टेकून.
सहाव्याला तो खाली सुटला.
मला कळलं नाही. दांड्याला कळलं.

आमचा बाजीराव चौगले
पंपाचं हाउसिंग एकट्यानं उचलायला गेला होता.
त्याच्या पाठीला दांडा कुणी लावला नव्हता.
आता तो गेटवर बसून
येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो.

खाली बसलो, पाणी प्यायलो,
आणि स्वतःचाच राग आला.
बावीस वर्षं मोल्डिंगवर काढली मी.
नवा पॅटर्न आला की पहिल्या दिवशी शंभर नग ओततो का?
एक ओतायचा. गार होऊ द्यायचा.
हिंदुराव मिस्त्री घण हातात द्यायचे, "फोड."
चांगला दिसणारा नग फोडताना जीव तुटायचा.
आत बघायचं, पोकळी कुठं राहिली,
मग वाळू बदलायची, मग दुसरा.
भट्टीत एवढी अक्कल,
आणि कंबर तेवढी एकदम ओतायला निघालो.

पोरं कधीच निघून गेली होती.
त्यांनी बघितलंच नसावं,
किंवा बघितलं आणि त्यांना काही वाटलं नाही.
हे जरा जास्त लागलं.

वहीत लिहिलं: चाळीस, आठ, तीन वेळा.
शेवटचा रकाना, कसं वाटलं, कोरा ठेवला.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना
तिसऱ्या पायरीवर थांबलो, कठड्याला धरलं,
खिशातनं वही काढून रकाना भरला:
मांडीला मागची बाजू आहे.

पुढच्या मंगळवारी पंचेचाळीस.
बहुतेक.