लांबी

गाडी म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं.
चाकांच्या वाट्यांत मॅलीची लाल वाळू,
सीटखाली उंदरांच्या कितीतरी पिढ्यांचं घर,
आणि पुढची काच वरून बाहेर झुकलेली,
खाली पडलेलं काही शोधणाऱ्या माणसासारखी.
ती मुळातलीच तशी. ऊन चमकून
वरच्या विमानाला दिसू नये म्हणून, असं क्लबातला नेव्हिल सांगतो.
बाबा म्हणायचे, कारखान्यात उलटी बसवली.

शाळेची बस सोडली, त्या हिवाळ्यात मी पान्हा हातात घेतला.
एकेक बोल्ट रॉकेलमध्ये रात्रभर,
सकाळी एक शिवी, आणि पुन्हा रॉकेलमध्ये.
इंजिन दोन सीटांच्या मधोमध बसतं या गाडीत;
लहानपणी माझा उजवा गुडघा त्याच्या पत्र्याला भाजायचा.
व्रण आहे अजून. त्याच गुडघ्यावर बसून
दात घासायच्या ब्रशने कार्बोरेटर साफ केला.

मग दार. पॉलिश पेपर फिरवला
तर आधी लाल लागला: नऊ उन्हाळे ती गावचा बंब होती.
त्याखाली निळा, ट्रॅक्टरच्या उरल्या डब्यातला, बाबांच्या हातचा,
ब्रशाचे केस तसेच चिकटलेले.
त्याखाली तो शेवाळी, ज्यासाठी नेव्हिल दर शनिवारी येतो,
चष्मा कपाळावर सारून
एखाद्या लढाईचं नाव सापडेल म्हणून.

पत्राचं उत्तर आलं सहा महिन्यांनी. चार ओळी.
ही गाडी बोटीत चढलीच नाही.
कोठारापासून स्टेशनपर्यंत बटाटे,
स्टेशनापासून कोठारापर्यंत रिकामी पोती,
आणि मग लिलाव.
नेव्हिलने कागद उलटा करून पाहिला,
मागे काही असेल तर.

"पण हे?" डाव्या दाराला वाटाण्याएवढं भोक आहे.

इस्हाक वेल्डिंग करत होता. मरे ब्रिजच्या
खाटीकखान्यात रात्रपाळी, रविवारी माझ्याकडे.
त्याने मुखवटा वर केला, भोकाला हात लावला नाही.
"सशाची बंदूक," म्हणाला. "दुसरी असती
तर आतला पत्रा असा सरळ राहिला नसता."
कुठे पाहिलंस, हे मी विचारलं नाही.
तो मुखवटा खाली घेऊन पुन्हा ठिणग्यांत गेला.

सशाचीच. क्लेम तेव्हा चौदाचा.
बाबांनी मारलं नाही, महिनाभर पाण्याची पिंपं उतरवायला लावली.
पुढे कुठल्याशा शहरात दुसऱ्याच एका पिंपातून
गोट्या काढल्या जन्मतारखांच्या,
आणि त्याची तारीख निघाली.
ससा सुटला होता, हे त्याने
व्हिएतनामहून आलेल्या दुसऱ्या पत्रातही लिहिलं,
जणू तो मुद्दा घरात अजून वादाचा होता.
तिसरं पत्र त्याच्या अक्षरात नव्हतं.

"लांबी भर," नेव्हिल म्हणाला. "पंधरा मिनिटांचं काम.
परीक्षक गुण कापतात." डबाही त्यानेच आणला.
मी फळीवर गोळा काढला, वर हार्डनर पिळला,
पातीने मळलं, गुलाबी झालं.
मग इस्हाकने किटली ठेवली. तो चहात वेलची घालतो.
आम्ही दोन दोन कप प्यालो, पाव्हलोव्हा नव्हता,
बिस्किटं होती, जरा मऊ पडलेली.
उठलो तेव्हा गोळा फळीवर दगड झाला होता.
"अरे," इस्हाक म्हणाला. तो चांगला नट नाही.

एप्रिलच्या पहाटे संचलनात आमचा नंबर आठवा.
मशीन दोनदा खोकलं, सायलेन्सरमधून
उंदरांचं शेवटचं गवत उडालं, आणि मग चाललं.
बँकेच्या कोपऱ्यावर थांबलो असताना
पदकं लावलेला एक म्हातारा पुढे आला,
टोपी काढली,
आणि दाराच्या भोकात बोट घालून
डोळे मिटून उभा राहिला.

मी इंजिन बंद केलं.
इस्हाक पलीकडे वाकून टायरची हवा बघत होता,
जी त्याने घरी दोनदा बघितली होती.