साडेतीन किलो

सदरच्या त्या दुकानात एसी नाही, कूलर आहे.
मुफद्दल शेठ खसावर मगानं पाणी मारत म्हणतात,
बघा निवांत, बंदूक काही पळून जात नाही.

तीनशे पंधरा बोअरची. सरकारी कारखान्यातली, जुनी.
मेकोसाबागेतल्या कुण्या इंजिन ड्रायव्हरची होती.
मुलं पर्थला गेली, मग म्हातारी गेली,
पियानो चर्चनं नेला, ही इथे आली.

लायसन्स माझ्या पर्समध्ये आहे.
पीकसंरक्षण, असं लिहिलंय त्यावर.
काटोल रोडला चार एकर संत्रा आहे, डुकरं येतात, हे खरं.
फटाक्यानंही पळतात, हेही खरं.
आणि डुकरावर गोळी झाडायला वनखात्याचा वेगळा कागद लागतो,
तो मी अजून मागितलेलासुद्धा नाही.
एकतीस वर्षं बँकेत काचेच्या अलीकडे बसून
लोकांना विचारत आले, कर्ज कशासाठी हवंय?
उद्देशाचा रकाना रिकामा दिसला
की फाइल परत.

बोल्ट वर उचलला, मागे ओढला.
तेल घातलेल्या कडीसारखा आला, काही न बोलता.
दस्त्याच्या खालच्या अंगाला नखाला खाचा लागल्या.
अकरा.
बारावी सुरू करून सोडून दिलेली.
शेठ, ह्या कशाच्या?
नळीचं विचारा मॅडम, ते म्हणाले,
नळीचं मी सांगू शकतो.

बाबा देवलापारकडे हाक्याला जायचे.
बंदी यायच्या आधीची गोष्ट.
चाळीस माणसांची रांग, हातात रॉकेलचा डबा आणि काठी,
दिवसाचे दोन रुपये,
जनावर पडलं तर कातडं सोडून उरेल त्यातलं काही.
बंदुका मचाणावर असत. नागपूरहून जीपमधून येत,
थर्मासातल्या चहासोबत.
बाबांनी बंदूक पाहिली ती नेहमी समोरून.
डाव्या पोटरीत एक छर्रा अजून आहे त्यांच्या,
डिसेंबरात ठणकतो.
कोणाचा, ते त्या दिवशीही कोणी विचारलं नव्हतं.
बाबांनीही.

शेठनं बोल्ट काढून ठेवला, म्हणाले,
दाराच्या उजेडाकडे धरा, आतले आटे पाहून घ्या.
मी धरली ती उलटी.
ओ मॅडम, तिकडून नाही!
पण तोवर पाहून झालं होतं.
वळत वळत गेलेले आटे, चकचकीत,
आणि पार त्या टोकाला
वाटाण्याएवढं दुकान:
शेठची पांढरी टोपी, कूलरची जाळी,
भिंतीवरच्या कॅलेंडरातला मे.
सगळं माझ्यावर रोखलेलं.

मग सरळ धरून पाहिली. तोंडाशी जरा गंज आहे,
तेवढं बोलून दाखवलं. सत्तरचे साठ झाले.
पंचावन्नला देतील, चेहऱ्यावरून कळतं.
खांद्याला लावली
आणि बसली.
नेमकं हेच व्हायला नको होतं.

बाहेर स्कूटरची सीट तापलेली. रुमाल टाकून उभी राहिले
आणि बाबांना फोन लावला.
कानानं कमी, म्हणून ओरडूनच सांगावं लागलं.
पानठेल्यावरचे दोघं वळून पाहू लागले
ह्या बाईकडे, जी भर दुपारी
रायफल, रायफल म्हणून किंचाळतेय.

कायले घेते, असं ते विचारतील वाटलं होतं.
उत्तर तयार नव्हतं.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज आला तिकडून.
मग म्हणाले, वजन किती हाय?
साडेतीन किलो, बाबा.
इतकीच?
मले वाटे, लय जड असन.

शेठना शनिवारचं सांगितलंय.
आज मंगळवार.
उजवा खांदा मी दोनदा झटकला सिग्नलवर,
धूळ बसल्यासारखा.