कड चोख

बारेआलच्या वर, वाळलेल्या तळ्याच्या पांढऱ्या पाटावर
गाडीचे दिवे विझवून वीस मिनिटं झाली.
मे महिना. झोन्डा वारा दुपारीच दमला,
आता नुसती थंडी, आणि तिला आवाज नाही.

घोंगडीवर तीन आयपीस, टोप्या घालून,
न्हाऊमाखून बसवलेल्या पोरांसारखे.
फेर्मीनचे आहेत. खाणीतला पगार त्याचा.
सोमवारी परत द्यायचे, आणि सांगायचं
यातला ठेवण्याजोगा कुठला.
म्हणून मामाला आणलं. चाळीस वर्षं
सान हुआनच्या दुकानात चष्म्याची भिंगं घासलेला
निकानोर बाइगोरिया:
ज्याच्या नजरेतून धुळीचा कण सुटत नसे.

तांबड्या टॉर्चच्या उजेडात मी रकाने आखले.
वजन. मध्य. कड. चष्मा न काढता डोळा बसतो का.

पहिला अडुसष्ट अंशांचा. हलका, खिशात मावणारा.
मध्यात तारे सुईच्या टोकाचे,
कडेला मात्र प्रत्येकाला पंख फुटतात.
समुद्र मी पाहिलेला नाही,
पण समुद्रपक्षी असेच उडत असणार.

दुसरा ब्याऐंशीचा. डोळा तसूभर सरकला
की राजम्याच्या दाण्यासारखी काळी सावली पोहत येते.

तिसरा शंभरचा. वजन किलोभर.
दुर्बिणीने नाक खाली घातलं ते वर काढेना,
शेपटाकडे घोड्याचे दोन नाल चुंबकाने चिकटवले
तेव्हा कुठे तोल आला.
किंमत: एक दुभती गाय, वासरासकट.
पण काय उघडतं!
नरतुरंगातला तो गोल गुच्छ, सांडलेल्या साखरेसारखा,
आणि भोवती इतका काळोख
की खिडकीबाहेर फार वाकले असं वाटून
मी धरायला काहीतरी शोधलं.

मग मामा. टोपी मागे, श्वास बाजूला सोडत,
काचेवर वाफ नको म्हणून.
"मध्य चोख."
कड?
"कड चोख."
दुसरा. "कड चोख."
तिसरा. "कड चोख. पण यासाठी गाय?
तिन्ही सारखेच की गं."

माझी पेन्सिल थांबली.

त्याच्याच डब्यातला जुना, अरुंद आयपीस,
ज्याला तो जन्मभर किल्लीचं भोक म्हणत आला,
मी न सांगता बसवला.
"हा शंभरचाच ना," तो म्हणाला,
"भिंत कुठे दिसतच नाही."

काल दाराच्या चौकटीला आपटलेला खांदा.
येर्बाचं पाणी भोपळ्याच्या वाटीबाहेर, दोनदा.
कुत्र्याच्या शेपटीवर पाय, आणि वर त्याच्यावरच ओरडणं.
गिऱ्हाइकांना हाच सांगायचा:
काचबिंदू चोर आहे, पण कुंपणाकडून येतो,
मधलं घर शाबूत राहतं, म्हणून बोंब होत नाही.

मी काही विचारलं नाही. तोच म्हणाला,
डोळा न काढता,
"सप्टेंबरपासून थेंब घालतोय.
तुझ्या आईला आत्ताच नको."

त्रिशंकूपाशी रत्नपेटी लावून दिली.
त्याने नळीला बोटाने टिचकी मारली.
कडेचा तारा मध्ये आला.
आणखी एक टिचकी, आणखी एक.
पेटीतला एकेक खडा उचलून बघावा तसं
आकाश तो तुकड्यातुकड्याने चालत गेला,
वृश्चिक माथ्यावर येईस्तोवर,
आणि मला थंडी वाजते आहे हे विसरला.
मी आठवण करून दिली नाही.

फेर्मीनला सांगेन: परवडत असेल तर शंभरचा ठेव,
नालांची सोय मात्र तुझी तू कर.

मामाच्या रकान्यात 'कड चोख' तीनदा आहे.
खोडलं नाही.
आवरताना पेन्सिल सापडेना.
दोघांनी शोधली. होती पांढऱ्या मातीवर,
त्याच्या उजव्या बुटाला लागून.